दहापासून उलटे

हत्तीबेटावर फोटोवाल्यानं सांगितलं,
"मॅडम, कपाळाला कपाळ लावा, डोळे मिटा, हसू नका."
आम्ही लावलं.
उत्रेश्वर ओठ न हलवता म्हणाला,
"तुमची अहमदपूरची बस कितीला आहे?"
"पावणेसहाला," मी म्हणाले.
तो फोटो लई गाजला.
सगळे म्हणाले, बघा, कसे बुडून गेलेत एकमेकांत.

रात्री फोनवर मीच विषय काढला.
म्हटलं, मावसबहिणीच्या लग्नात अँकरनं माईकवरून मागितला,
तसा आपल्यात मागितला तर?
पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, "मला तर लोक बघत असले की
भातसुद्धा नीट कालवता येत नाही."

हे ऐकून तो मला पहिल्यांदा आवडला.
पसंती आधीच कळवून झाली होती, ती गोष्ट वेगळी.

मावसबहिणीचं तिला शोभलं, खोटं कशाला बोलू.
धुराच्या मशीनमधून ती हसत बाहेर आली
आणि नवऱ्याच्या गालावर ओठ टेकवून मोकळी झाली,
सगळीच कामं करते तशी.
माझं तसं नाही.
माझं, कुणी टक लावून बसलं की तापतच नाही,
चुलीवरच्या दुधासारखं.
पाठ फिरवा, मग बघा.

आमच्या घरात अण्णांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही.
"ऐकलं का" एवढंच, तेही दाराकडं बघून.
पण लातूरच्या दवाखान्यातून तिला सोडलं त्या दिवशी
पायरीवर वाकून त्यांनी तिच्या चपला सरळ केल्या
आणि लगेच इकडंतिकडं पाहिलं,
कुणाचं काही चोरल्यासारखं.
मी रिक्षात बसून बघत होते.
अजून कुणाला सांगितलं नाही.

तर मंगल कार्यालय, उदगीर, देगलूर रोड. दुपारचा दीड.
ज्वारीच्या अक्षता पडून गेलेल्या, पंगत बसायची बाकी.
अँकर नांदेडचा, चमकीचा कोट.
"टाळ्या कमी पडल्या उदगीरकर! नवरदेव, एक तो बनता है!
मी मोजतो, दहापासून उलटे!"

दहा. नऊ.
पोरं खुर्च्यांवर चढली.
आठ. सासऱ्यांना एकाएकी छताचे पंखे बघायचे होते.
सात. चुलत आजेसासूनं विचारलं,
"काय मोजलालेत रे, आहेराचे पैसे?"
सहा, पाच.
माझ्या हिरव्या चुड्यालासुद्धा घाम.
चार.

उत्रेश्वरनं हात वर केला.
हॉल किंचाळला.
कॅमेरावाला गुडघ्यावर आला.
माझ्या भुवईत अडकलेला
ज्वारीचा एक पिवळा दाणा
त्यानं नखानं, अगदी हळू, काढला,
डोळ्यात जाऊ नये म्हणून
दुसऱ्या हाताचा आडोसा करून.
आणि ठेवायला जागा सापडेना
म्हणून स्वतःच्या खिशात टाकला.

तीन झालंच नाही.
अँकर म्हणाला, "अरे, ही काय ट्रायल का?"
लोक हसले, मग लोकांना भूक लागली,
वांग्याच्या भाजीचा वास आला होता,
खुर्च्या सरकल्या.

अल्बममध्ये ते कुठंच नाही.
कॅमेरावाला पुढच्या क्षणाची वाट बघत राहिला.
आहे तो हत्तीबेटाचाच, कपाळाला कपाळ.
सासऱ्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलाय.
येणारेजाणारे बघतात, मान डोलवतात.
मी त्यांच्यापुढं चहा ठेवते
आणि मनात म्हणते, पावणेसहा.

बस त्या दिवशी साडेसहाला आली.
तोवर तो स्टँडवर थांबला होता,
जरा लांब, पाणपोईच्या बाजूला,
माझी पिशवी दोन्ही हातांनी धरून.